रुमालाखालचा भाव

दीप्ती नेमकं काय काम करते, हे तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं. शेजारच्या मामींच्या मते ती कानाची डॉक्टर. कोपऱ्यावरचा किराणावाला तिला मुक्या पोरांच्या शाळेतली बाई समजायचा. तिची आई बायडाबाई मात्र सरळ सांगून टाकायची, "माझी लेक बोलाय शिकवती." त्यावर समोरची बाई हमखास म्हणायची, "त्यात काय शिकवायचं? आपून काय शाळंत जाऊन शिकलो व्हय बोलाय?"

मुंबईच्या हॉस्टेलवर राहून, स्कॉलरशिपवर चार वर्षं शिकून आल्यावर हे ऐकायला लागलं की पहिल्यांदा राग येतो. दीप्तीला आता चहा प्यावासा वाटायचा.

तिचा बाप जयसिंग मार्केट यार्डात हमाल होता. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर वाहून वाहून त्याच्या सदऱ्याला कायमचा गोड वास लागला होता, आणि त्या वासानं मुंग्या दोरीवरच्या कपड्यांपर्यंत यायच्या. लेकीचं शिक्षण झालं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला. "बसून काम हाय न्हवं?" व्हय म्हटल्यावर त्याला पुढचं काही ऐकायचं नव्हतं.

बसून काम होतं, त्यात खोट नव्हती. कोल्हापुरात, राजारामपुरीत डॉक्टर नृसिंह यांचं कान-नाक-घशाचं क्लिनिक. तिथं जिन्याखाली दीप्तीची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना फोम लावलेला, खिडकी नाही. जिना उताराला आल्यामुळं छतही एका बाजूला खाली आलेलं, उंच बापांना वाकून बसायला लागायचं. त्या खोलीत बारा वर्षांत कितीतरी पोरं पहिल्यांदा 'आई' म्हणाली. म्हटली की आई रडायची, बाप मोबाईल काढायचा, आणि फी बाहेरच्या काउंटरवर जमा व्हायची. दीप्तीला महिन्याचा पगार होता. किती, ते तिनं कुणालाच खरं सांगितलं नव्हतं. आईला वाढवून सांगितलं होतं, मावसबहिणीला त्याहून वाढवून, आणि बरोबर शिकून मस्कतला नोकरीला गेलेल्या ऋताला फोनवर सांगताना तर तिला स्वतःलाच आपला हेवा वाटला होता.

या कामात पुढं जायचं म्हणजे नक्की कुठं, हे एकदा कुणीतरी तिला बोट करून दाखवायला हवं होतं. क्लिनिकमध्ये वर डॉक्टर, खाली ती, मधे काही नाही. बढती म्हणून एका उन्हाळ्यात खोलीत एसी बसला होता. सरकारी केंद्रात जागा निघायच्या, त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आणि आहे त्याहून कमी पगारात. पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं, पण तिथलं घरभाडं काढल्यावर हातात तेवढंच उरत होतं, आणि बायडाबाईनं वेगळंच कारण काढलं. "कळंब्याचं तळं सोडून मी न्हाय यायची. रोज सकाळी त्येच्याकडं बघून माझं गुडघं चालतात." ऋता आपल्या मस्कतच्या केबिनचे फोटो पाठवायची. खाली लिहायची, 'खिडकी बघ.'

स्वतःची खोली काढावी, तर राजारामपुरीतलं भाडं ऐकूनच वाचा जायची. शिवाय पेशंट पाठवणार कोण? पेशंट कानाच्या डॉक्टरांकडून येतात, आणि कोल्हापुरातले सगळे कानाचे डॉक्टर रविवारी एकत्र बॅडमिंटन खेळतात. कबनूरची मावसबहीण मोना आपल्या ब्लाऊजच्या दुकानावरची खोली द्यायला तयार होती, भाडं नाही दिलं तरी चाललं असतं तिला. पण खोलीच्या दोन्ही अंगाला यंत्रमाग. दीप्ती एकदा बघून आली होती. खडखडाटात मोना काय म्हणते ते तिला ओठांवरून वाचावं लागलं.

"हितं बोलाय शिकवायचं?" तिनं ओरडून विचारलं होतं.

"हितं शिकलं तर कुठंबी बोलंल की पोरगं," मोना ओरडली होती.

आणि या सगळ्याच्या वर डॉक्टरांचा चांगुलपणा होता. बाप शेवटचा आजारी होता तेव्हा त्यांनी दोन फोन करून खाट मिळवून दिली. आईच्या कानाचे पैसे कधी घेतले नाहीत. दिवाळीला साडी द्यायचे, वहिनी स्वतः निवडायच्या. कुणी नवं आलं की ते ओळख करून द्यायचे, "ही दीप्ती, आमच्या घरातलीच." दर वर्षी ती पगाराचं मनात जुळवून त्यांच्या केबिनमध्ये जायची, आणि ते आधीच म्हणायचे, "माझ्या लक्षात आहे हं. मार्चनंतर बघू." ती म्हणायची, "हो सर." मार्च यायचा, जायचा. तोंडातून शब्द कसा काढायचा हे शिकवणाऱ्या बाईला केबिनच्या दारात एकच शब्द यायचा.

मग डॉक्टरांच्या वडिलांना झटका आला.

गणपतराव, घरात सगळ्यांचे आण्णा, यार्डातले जुने गुळाचे अडते. उजवी बाजू गेली आणि वाचाही. समजत सगळं होतं, पण बोलायला गेलं की तोंडातून दोनच शब्द यायचे, "व्हय की." चहा हवा तरी व्हय की. चहा नको, अंगावर सांडला, तरी व्हय की. असं होतं, एखादाच शब्द मागं उरतो आणि सगळ्यांची कामं त्यालाच करावी लागतात. डॉक्टर दीप्तीला म्हणाले, "संध्याकाळी क्लिनिक झालं की शाहूपुरीत घरी जात जा. आण्णा परक्या माणसाकडून करून घेणार नाहीत. तू काय, घरातलीच."

"हो सर," दीप्ती म्हणाली.

पैशाचं कुणीच काढलं नाही. घरातल्या माणसाशी ते काढायचं नसतं.

आण्णा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेले असायचे, मांडीवर निर्जीव उजवा हात, खांद्यावर टॉवेल. दीप्ती त्यांना चित्रं दाखवायची. "आण्णा, ही गाय आहे का?" समोर बादलीचं चित्र. आण्णा मान जोरजोरात आडवी हलवायचे आणि म्हणायचे, "व्हय की." मग स्वतःवरच चिडायचे. दीप्तीनं ठरवलं होतं, या माणसाला आधी 'न्हाय' मिळवून द्यायचं. नाही म्हणता आलं की निम्मं आयुष्य परत येतं, हे ती पेशंटच्या घरच्यांना नेहमी सांगायची. सांगताना तिला त्यात काही गमतीचं वाटायचं नाही.

एका संध्याकाळी बादली, गाय, कंदील, सगळ्यांना व्हय की म्हणून झाल्यावर आण्णांनी चित्रं ढकलून दिली. खांद्यावरचा टॉवेल ओढला, दीप्तीच्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला डावा हात घालून तिची बोटं धरली. एक दाबलं, सोडलं. दोन एकदम दाबली. ती घाबरली. हात सोडवावा की नको, तिला कळेना.

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको, चिमणाबाई, बघत होती. ती हसायलाच लागली.

"भिऊ नगंस. सौदा करालेत ह्ये तुझ्यासंगं."

"कसला सौदा, काकी?"

"आगं हत्ता. पूर्वी यार्डात असाच भाव ठरायचा. घेणाऱ्याचा हात आन् अडत्याचा हात, वर रुमाल. एक बोट म्हंजे एक, पंजा म्हंजे पाच, आन् बोटाचं मधलं पेर दाबलं की निम्मं. बाकीच्यांनी नुसतं रुमाल हलताना बघायचं. सौदा जमला की हातावर टाळी. न्हाय जमला तर हात नुसता सोडून द्यायचा, मग शेतकऱ्याला माल घिऊन पायजे त्या दुकानात जा म्हणायचं. आता बंद केलंय सरकारनं. उघड बोलत्यात."

दीप्तीला एकदम बाप आठवला. जेवताना तो हातवारे करून हत्त्याच्या गोष्टी सांगायचा. शेवटी नेहमी म्हणायचा, "दोघंबी हसायची, रुमाल काढायची. आन् गूळ ज्येचा त्यो बाजूला उकिडवा बसल्याला. त्येलाच न्हाय कळायचं आपला माल कितीला गेला."

पण आण्णांच्या बोटांत जीव होता, आणि दीप्तीला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं चित्रं पिशवीतच ठेवली. टॉवेलाखाली ती दोन बोटं दाबायची आणि तोंडानं म्हणायची, "दोन." आण्णा दोन दाबायचे आणि ओठ हलवायचे. 'दो' यायला लागला. मग 'पा' आला. आकडे त्यांच्या आत कुठंतरी गुळाच्या वखारीत सुरक्षित राहिले होते. 'न्हाय' मात्र येत नव्हतं. चिमणाबाई म्हणायची, "बोलत हुते तवाबी सौदा करताना न्हाय म्हणायचे न्हाईत ह्ये. नुसता हात सोडायचे."

एक दिवस चिमणाबाई देवळात गेली होती. आण्णांनी भिंतीवरच्या लेकाच्या फोटोकडं हनुवटी केली, मग दीप्तीकडं केली, आणि टॉवेल पसरला.

ती समजली. आधी इकडंतिकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं तरी. मग टॉवेलाखाली हात घातला आणि आपला पगार सांगितला. हजारांत, बोटांनी. खरा.

आण्णांनी भुवया वर केल्या. परत तीच बोटं दाबून विचारलं, एवढेच? तिनं परत तीच दाबली. त्यांनी खिडकीबाहेर नजर वळवली. लेकाच्या क्लिनिकात एका पोराची फी किती आणि दिवसाला पोरं किती, हा हिशेब त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी तिच्या तर्जनीचं मधलं पेर अंगठ्यानं दाबलं, आणि तसंच धरून ठेवलं.

निम्मं.

दीप्ती हसली. मग उगीच पिशवीत काहीतरी शोधत बसली.

त्या दिवसापासून तिच्या मनानं एक वाईट सवय लावून घेतली. जिन्याखालच्या खोलीत 'क' म्हणता न येणाऱ्या पोरासमोर बसल्याबसल्या तिला वाटायचं, आण्णा बोलतील. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. एवढा जुना अडत्या आपल्या बाजूनं आहे. ती रोज शाहूपुरीचा जिना जरा उत्साहानं चढायला लागली, आणि हा उत्साह कशाचा आहे हे स्वतःला विचारायचं टाळायला लागली.

एका रविवारी संध्याकाळी डॉक्टर घरीच होते. बॅडमिंटनहून आलेले, गळ्यात नॅपकिन, तब्येत खुशीत. स्टूल ओढून वडिलांजवळ बसले.

"काय आण्णा, काय म्हणतीय आमची दीप्ती? आकडे यायला लागले म्हणे."

"व्हय की," आण्णा म्हणाले. आणि टॉवेल लेकाच्या हातावर टाकून त्याची बोटं धरली.

डॉक्टर हसले. "सोडा की आण्णा. लिलाव उघड होऊन जमाना झाला."

"आसं म्हणतोय," चिमणाबाई पोहे निवडता निवडता दीप्तीला म्हणाली, "पर ल्हानपणी ह्यांच्या मांडीवर बसून समदं शिकलाय. नरसू, बोल की बापासंगं. बरं वाटंल त्यास्नी."

टॉवेल हलायला लागला. आधी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नुसती गंमत होती. मग त्यांनी एकदा चटकन दीप्तीकडं बघितलं, आणि गंमत गेली. टॉवेल थांबला, परत हलला. आण्णांच्या मानेची शीर ताठ झाली. डॉक्टरांनी काहीतरी दाबलं, आण्णांनी नाकातून आवाज काढला, असल्या भावाला काढतात तसा.

दीप्ती बाजूच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. गुडघे वर आलेले, हात गुडघ्यांभोवती. समोर आपलाच भाव चाललाय हे तिला कळत होतं, आणि तो किती चाललाय हे कळत नव्हतं. आपण कशा बसलोय, ते तिच्या ध्यानात आलं.

"बरं बरं," डॉक्टर हसत म्हणाले. "दीप्ती, तुझं भारी वजन आहे बाई आण्णांकडे. काळजी करू नको. मार्चनंतर बघू आपण."

हो सर, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. बारा वर्षांच्या सवयीनं ते आपले आपणच येत होते.

"किती ठरलं, सर?"

"काय ठरायचं? खेळ आहे तो त्यांचा."

"रुमाल काढा की मग."

कुणीच काढला नाही. तेव्हा ती उठली आणि टॉवेलाचं टोक धरून तिनं तो ओढला.

खाली डॉक्टरांची मूठ होती, घट्ट मिटलेली. आण्णांनी त्यातून कसंबसं एक बोट ओढून काढलं होतं आणि त्याच्या मधल्या पेरावर अंगठा रोवला होता.

चिमणाबाईचा हात पोह्यांत थांबला.

"आण्णा निम्मं म्हणतायत," दीप्ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, पेशंटचा पहिला आवाज असतो तसा खरखरीत. "मीपण तेच म्हणते. मी बघते त्या पोरांच्या फीतलं निम्मं. आणि इथं घरी यायचे पैसे, परक्या पेशंटकडून घेतात तेवढे."

"आण्णांचे पैसे घेणार तू?" डॉक्टरांना खरंच लागलं होतं, ते काही नाटक नव्हतं. "दीप्ती, मी तुला कधी परकी मानली नाही. घरातल्या माणसानं असं बोलावं?"

"घरातल्या माणसाला वाटणी असते, सर. मला पगार आहे."

"खरं हाय की त्ये," चिमणाबाई पोह्यांकडं बघत म्हणाली.

"तू गप्प बस, आई." डॉक्टर उठले. नॅपकिननं मान पुसली. आवाज मात्र चढवला नाही, तसा तो कधीच चढवत नसत. "वाटणी म्हणतेस. खोली माझी, मशीन माझं, पेशंट माझ्या नावावर येतात. तू हुशार आहेस, मला मान्य आहे. पण बाहेर काय आहे, सांग ना. सरकारी कंत्राट? पुणं? आई येते का पुण्याला? मी तुझ्या काळजीनं सांगतो, बाहेर काही नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दीप्तीला जिन्याखालची खोली डोळ्यासमोर दिसली, तो खाली उतरत आलेला छताचा कोपरा, आवाज पिऊन टाकणारा फोम. मस्कतची खिडकी दिसली. मोनाच्या खोलीतला खडखडाट ऐकू आला.

तेवढ्यात आण्णांनी डावा हात तिच्याकडं केला. रुमाल न घेता, उघडाच. तिनं हात दिला. ते आता काय दाबतात म्हणून ती वाट बघत राहिली. एक? दोन? पेर?

आण्णांनी काहीच दाबलं नाही. तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि बोटं उघडून हात सोडून दिला.

टाळी नाही. नुसता सोडला.

"व्हय की," ते म्हणाले, आणि मान आडवी हलवली.

डॉक्टर बापाकडं बघत राहिले. हत्ता त्यांनाही येत होता. मग आतल्या खोलीत गेले. दीप्तीचा हात अजून तसाच हवेत होता. इतके दिवस ती या घराला धरून होती की हे घर तिला, कोण जाणे, पण सुटलेल्या हाताचं काय करायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

चिमणाबाई जिन्यापर्यंत आली. "उद्या येशील न्हवं?"

"येते, काकी. पैसे घेऊन येते म्हणजे, पैसे घेते." शब्द उलटसुलट झाले. "आणि तुम्ही बसा शेजारी. बोटं कशी दाबून म्हणायची ते तुम्हालाच दाखवते, म्हणजे मी नसले तरी अडायचं नाही."

"आता ह्ये माझ्यासंगं सौदा करणार. पन्नास वर्सं मला भाव न्हाय दिला कवा," चिमणाबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

खाली गाडीपाशी येऊन दीप्तीनं मोनाला फोन लावला. पलीकडून आधी यंत्रमागच आले, खडखड खडखड, मग मोना.

"खोली दिलीस काय कुणाला?"

"काय?"

"खोली. दुकानावरची."

"कोण घेतंय ती? का गं?"

"माग कवा बंद असतात तुमच्यात?"

"शुक्रवारी. का?"

"त्या दिवशी आवाज नसतो?"

"शुक्रवारी हितं टाचणी पडली तर ऐकाय येती," मोना ओरडत होती. "पर एका वारानं काय हुतंय गं? बाकीचं सहा दिवस काय करशील?"

बाकीचे सहा दिवस काय करणार, हे दीप्तीला चांगलं ठाऊक होतं. जिन्याखाली बसणार. शुक्रवारच्या बदल्यात रविवारीसुद्धा. पोरांना 'क' शिकवणार, फी काउंटरवर जाणार, मार्चनंतर बघू. आणि कबनूरला मागांशेजारी वाढलेली पोरं ओरडूनच बोलतात, त्यातल्या किती जणांना खरंच ऐकू येत नाही आणि किती जणांना नुसती सवय आहे, हे अजून कुणी बसून बघितलेलं नव्हतं. त्यांना कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी लागणार नव्हती. फी काय देतील, तेही दिसतच होतं.

"एक वार बास हाय आत्ता," ती म्हणाली.

"काय?"

"बास हाय म्हटलं."

फोन ठेवला तेवढ्यात स्क्रीनवर डॉक्टरांचा मेसेज आला. संध्याकाळचा त्यात मागमूस नव्हता. 'उद्या नऊला जुळी पोरं आहेत. शुक्रवारी सांगलीची फॅमिली. वेळेवर ये.'

तिचा अंगठा सवयीनं चालला. हो सर. पाठवायच्या आधी तिनं ते पुसलं. मग वर खिडकीकडं बघितलं. आण्णा तिथंच बसले होते, खांद्यावर परत टॉवेल.

'नऊला येते,' तिनं लिहिलं. 'शुक्रवारी येणार नाही.'